कोणते काम कोणत्या कौन्सिलचे: हर्टफर्डशायरमध्ये नव्याने आलेल्यांसाठी मार्गदर्शक

लंडनच्या उत्तरेला असलेल्या हर्टफर्डशायर या काउंटीत, म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारख्या प्रदेशात, वॉटफर्ड, सेंट ऑल्बन्स, स्टीव्हनेज किंवा हेमेल हेम्पस्टेड येथे नोकरीनिमित्त राहायला आलेल्या कुटुंबाचा कौन्सिलशी, म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थेशी, पहिला संबंध बहुधा कौन्सिल टॅक्स या घरावरील स्थानिक कराच्या पत्रातून येतो. पत्र स्थानिक बरो किंवा डिस्ट्रिक्ट कौन्सिलचे असते आणि पैसेही तिच्याच खात्यात भरायचे असतात. त्यामुळे मुलांच्या शाळेपासून रस्त्यावरच्या खड्ड्यापर्यंत सारे काही हीच कौन्सिल पाहते, असा समज होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात त्या रकमेतील साधारण तीन चतुर्थांश वाटा हर्टफर्डशायर काउंटी कौन्सिलला जातो, आणि नव्या कुटुंबाला पहिल्या वर्षभरात लागणारी बरीचशी कामेही तिच्याच अखत्यारीत असतात. चुकीच्या कार्यालयाकडे अर्ज गेला तर तो पुढे पाठवला जाईलच याची खात्री नसते आणि शाळाप्रवेशासारख्या कामात मुदत टळू शकते. म्हणून कामांची ही वाटणी आरंभीच समजून घेणे हिताचे आहे.

पहिली पायरी: आपला पत्ता कोणाच्या हद्दीत येतो ते पाहावे

शासनाच्या संकेतस्थळावर पोस्टकोड टाकला की त्या पत्त्यावर कोणत्या कौन्सिलचा अधिकार चालतो ते कळते. तेथे एकच नाव आले तर आपण एकस्तरीय, म्हणजे सर्व कामे एकटीच पाहणाऱ्या, कौन्सिलच्या हद्दीत आहोत आणि पुढील बराचसा गोंधळ आपल्याला लागू नाही. दोन नावे आली तर आपण द्विस्तरीय काउंटीत आहोत, म्हणजे कामे काउंटी आणि डिस्ट्रिक्ट अशा दोन कौन्सिलांत वाटलेली आहेत. हर्टफर्डशायरमध्ये काउंटी कौन्सिलच्या हद्दीत दहा डिस्ट्रिक्ट कौन्सिली आहेत: ब्रॉक्सबर्न, डेकोरम, ईस्ट हर्ट्स, हर्ट्समियर, नॉर्थ हर्ट्स, सेंट ऑल्बन्स, स्टीव्हनेज, थ्री रिव्हर्स, वॉटफर्ड आणि वेलिन हॅटफील्ड. यांपैकी काही स्वतःला बरो म्हणवतात, सेंट ऑल्बन्स तर सिटीही म्हणवते. परंतु या मानाच्या पदव्या आहेत आणि त्यांमुळे अधिकारांत फरक पडत नाही. शिवाय अनेक गावांत पॅरिश किंवा टाउन कौन्सिल हा तिसरा, लहानसा स्तरही असतो.

सीमेजवळ घर घेताना विशेष काळजी घ्यावी. बुशी हे गाव हर्टफर्डशायरमध्ये असून तेथे दोन कौन्सिली लागतात, तर त्याला लागून असलेले स्टॅनमोर लंडनच्या हॅरो बरोमध्ये येते आणि तेथे हॅरो हीच एक कौन्सिल सर्व कामे करते. उत्तरेकडे ल्यूटनही तसेच स्वतंत्र आहे. भाड्याच्या जाहिरातीत ही गावे एकाच पानावर दिसतात, पण शाळाप्रवेशाचा अर्ज मात्र राहत्या पत्त्याच्या कौन्सिलकडेच करावा लागतो.

ही विभागणी आली कोठून

घाईत असलेल्या वाचकाने हा भाग ओलांडून पुढे जाण्यास हरकत नाही. मात्र वाटणी अशी वेडीवाकडी का आहे, याचे उत्तर इतिहासातच सापडते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत इंग्लंडच्या ग्रामीण भागाचा कारभार निवडून आलेल्या प्रतिनिधींकडे नव्हता. प्रत्येक काउंटीतील जमीनदार वर्गातून नेमलेले दंडाधिकारी दर तीन महिन्यांनी एकत्र बसत, खटले चालवत आणि त्याच बैठकीत पूल, तुरुंग व रस्त्यांच्या खर्चाचे निर्णयही घेत. हर्टफर्डशायरमध्ये तर सेंट ऑल्बन्सच्या मठाच्या जुन्या अधिकारक्षेत्राची अशी बैठक १८७४ पर्यंत वेगळीच भरत असे. लॉर्ड सॉल्सबरी यांच्या सरकारातील मंत्री चार्ल्स रिची यांनी आणलेल्या १८८८ च्या कायद्याने ही कामे निवडून आलेल्या काउंटी कौन्सिलांकडे सोपवली. जानेवारी १८८९ मध्ये निवडणुका झाल्या आणि त्याच वर्षी एप्रिलपासून नवा कारभार सुरू झाला.

मराठी वाचकाला येथे एक गोष्ट नवलाची वाटेल. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर मुंबई इलाख्यात १८८४ च्या कायद्याने जिल्हा आणि तालुका लोकल बोर्डे स्थापन झाली, म्हणजे अंशतः लोकनियुक्त अशी जिल्हा पातळीवरची संस्था आपल्याकडे इंग्लंडच्या काउंट्यांच्या आधी आली. मुंबई इलाख्यातील बोर्डांवर कलेक्टरचा वरचष्मा होता आणि मतदारही मोजके होते, त्यामुळे दोहोंची बरोबरी करता येणार नाही. तरीही लोकनियुक्त काउंटी कौन्सिल ही इंग्लंडमधली फार पुरातन संस्था आहे, हा समज यावरून दूर व्हावा. हर्टफर्डशायरशी मुंबईचा आणखी एक धागा जुळतो. ईस्ट इंडिया कंपनीचे मुलकी अधिकारी घडवणारे कॉलेज प्रथम हर्टफर्डच्या किल्ल्यात आणि १८०९ पासून जवळच्या हेलीबरी येथे होते. पुढे मुंबईचे गव्हर्नर झालेले आणि शहराचा कोट पाडण्यास सुरुवात करणारे बार्टल फ्रिअर हे तेथेच शिकले.

१८९४ च्या कायद्याने काउंटीच्या खाली शहरी व ग्रामीण डिस्ट्रिक्ट कौन्सिली आल्या. कचरा, गटारे, घरे यांसारखी दाराजवळची कामे खाली आणि मोठ्या हद्दीची कामे वर, ही विभागणी तेव्हापासून रुजली. १९०२ मध्ये स्कूल बोर्डे बरखास्त होऊन शिक्षण काउंटीकडे आले, १९३० मध्ये गरिबांच्या मदतीची जुनी व्यवस्था आली, आणि १९४४ च्या शिक्षण कायद्याने तर शाळा हेच काउंटीचे मुख्य काम ठरवले. उलट दिशेनेही अधिकार गेले: १९४८ मध्ये रुग्णालये राष्ट्रीय आरोग्य सेवेकडे, १९७४ मध्ये रुग्णवाहिका आणि स्थानिक आरोग्य सेवाही तिच्याचकडे. आजची काउंटी कौन्सिल म्हणजे अशा शंभर वर्षांच्या देवघेवीनंतर उरलेली संस्था आहे. कोणीतरी विचारपूर्वक आखलेला आराखडा म्हणून तिच्याकडे पाहिले तर पदोपदी कोडी पडतील.

हर्टफर्डशायर काउंटी कौन्सिलचा सर्वांत अभिमानास्पद काळ मात्र निःसंशय दुसऱ्या महायुद्धानंतरचा आहे. लंडनमधील गर्दी कमी करण्यासाठी शासनाने नवी शहरे वसवण्याचे ठरवले. त्यांत पहिले स्टीव्हनेज, १९४६ मध्ये. पाठोपाठ हेमेल हेम्पस्टेड, हॅटफील्ड आणि वेलिन गार्डन सिटी. तरुण कुटुंबे हजारोंनी येऊ लागली, पण विटा नव्हत्या, लाकूड नव्हते आणि गवंडीही नव्हते. शिक्षणाधिकारी जॉन न्यूसम आणि काउंटीचे वास्तुविशारद चार्ल्स ॲस्लिन यांच्या कार्यालयाने यावर वेगळाच उपाय काढला. कारखान्यात तयार केलेले पोलादी सांगाडे आणि काँक्रीटचे तक्ते आठ फूट तीन इंचांच्या चौकटीत जोडून त्यांनी शाळा उभारल्या. या शाळा स्वस्त होत्या, झपाट्याने उभ्या राहत होत्या, आणि तरीही बुटकी टेबले, खाली घेतलेल्या खिडक्या, मुलांच्या हाताला येतील अशी बेसिने असा प्रत्येक तपशील मुलांच्या उंचीने विचार करून ठरवलेला होता. स्टीव्हनेजच्या बार्कले शाळेसाठी या कौन्सिलने हेन्री मूर यांचे कुटुंबाचे शिल्पही विकत घेतले. जगभरचे वास्तुविशारद त्या काळी या शाळा पाहायला येत. आजही या काउंटीतील एखाद्या शाळेची सपाट छताची, काचांनी भरलेली इमारत दिसली, तर ती त्याच प्रयोगातली असण्याचा संभव आहे.

१९६५ मध्ये बृहन्लंडन तयार झाले तेव्हा बार्नेट हर्टफर्डशायरमधून गेले आणि पॉटर्स बार मिडलसेक्समधून आले. १९७४ च्या पुनर्रचनेत खालच्या स्तरावरील अनेक लहान कौन्सिली एकत्र करून आजच्या दहा झाल्या. पुढे अनेक काउंट्या मोडल्या. बर्कशायरची काउंटी कौन्सिल १९९८ मध्ये रद्द झाली. नॉर्दम्प्टनशायरने २०१८ मध्ये आपल्याकडील पैसा संपल्याची कायदेशीर नोटीस काढली आणि २०२१ मध्ये तिच्या जागी दोन एकस्तरीय कौन्सिली आल्या. हर्टफर्डशायर या काळात द्विस्तरीयच राहिले.

दुसरी पायरी: कौन्सिल टॅक्सचे बिल नीट वाचावे

नव्या पत्त्यावर आल्याबरोबर डिस्ट्रिक्ट कौन्सिलकडे नोंदणी करावी. भाडेकरू असलो तरी कर सामान्यतः घरात राहणाऱ्यानेच भरायचा असतो. बिलावर डिस्ट्रिक्ट, काउंटी, पोलीस आणि असल्यास पॅरिश यांचे वाटे स्वतंत्र दाखवलेले असतात. डिस्ट्रिक्ट कौन्सिल ही येथे सर्वांच्या वतीने वसुली करणारी संस्था आहे. आपल्या घराचा गट ए पासून एच पर्यंत ठरतो आणि तो १ एप्रिल १९९१ रोजी त्या घराची किंमत किती झाली असती यावर अवलंबून असतो. गेल्या वर्षी बांधलेल्या घरालाही हीच तारीख लागू आहे, हे कितीही विचित्र वाटले तरी. डी गटाच्या तुलनेत ए गटाला दोन तृतीयांश आणि एच गटाला दुप्पट कर पडतो.

रक्कम बहुधा एप्रिल ते जानेवारी अशा दहा हप्त्यांत मागितली जाते. ती बारा हप्त्यांत विभागून मागण्याचा आपल्याला हक्क आहे. घरात एकच प्रौढ व्यक्ती राहत असेल तर पंचवीस टक्के सवलत मिळते. सर्वजण पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर कर माफ होतो. व्हिसाच्या अटींमुळे अनेकजण कोणतीच सवलत मागायला धजत नाहीत, म्हणून येथे भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. एकट्या व्यक्तीची पंचवीस टक्के सवलत ही सार्वजनिक निधीत, म्हणजे अनेक व्हिसांवर घेण्यास मनाई असलेल्या शासकीय मदतीत, मोडत नाही आणि ती निर्धास्तपणे मागावी. मात्र कमी उत्पन्नामुळे मिळणारी कौन्सिल टॅक्समधील कपात त्या निधीत मोडते, आणि व्हिसावर तशी बंदी असेल तर तिच्यासाठी अर्ज करू नये.

तिसरी पायरी: शाळाप्रवेश

हे काम काउंटी कौन्सिलचे आहे आणि यात सर्वांत अधिक चुका होतात. अनेक शाळा आता अकादमी म्हणून स्वतंत्र झाल्या असल्या, तरी सप्टेंबरच्या नियमित प्रवेशाचे अर्ज काउंटीमार्फतच स्वीकारले जातात. चार वर्षे पूर्ण झाल्यानंतरच्या सप्टेंबरमध्ये मूल रिसेप्शन या शाळेच्या पहिल्या वर्गात जाते. प्राथमिक शाळेसाठी अर्जाची अंतिम तारीख १५ जानेवारी आणि निकाल १६ एप्रिलला. माध्यमिकसाठी अंतिम तारीख ३१ ऑक्टोबर आणि निकाल १ मार्चला. निकालाची तारीख सुट्टीच्या दिवशी आली तर तो पुढच्या कामकाजाच्या दिवशी लागतो.

अर्जात एकाहून अधिक शाळा पसंतीक्रमाने लिहाव्यात. पहिल्या क्रमांकावर लिहिली म्हणून शाळा आपल्याला झुकते माप देत नाही. ती केवळ आपले निकष लावते, आणि एकाहून अधिक ठिकाणी जागा मिळत असेल तेव्हाच आपला क्रम पाहिला जातो. म्हणून खरोखर हवी ती शाळा निःशंकपणे प्रथम लिहावी, आणि घराजवळची, प्रवेशाची बरीच शक्यता असलेली एक शाळा यादीत अवश्य ठेवावी. ती न ठेवणाऱ्या पालकांच्या वाट्याला पुष्कळदा दूरची, रिकामी जागा असलेली शाळा येते.

वॉटफर्ड परिसरातील पालकांना एक वेगळी सूचना. वॉटफर्ड ग्रामर या मुलांच्या व मुलींच्या शाळा आणि पार्मिटर्स यांसारख्या काही शाळा आपल्या जागांपैकी काही भाग परीक्षेवरून देतात. परीक्षा सप्टेंबरमध्ये होते, परंतु तिची नोंदणी मूल येथील पाचवीच्या (इयर ५) वर्गात असताना, उन्हाळी सुट्टीपूर्वीच बंद होते. ऑक्टोबरमध्ये काउंटीचा अर्ज भरताना ही परीक्षा आठवली, तर तोवर वेळ गेलेली असते.

वर्षाच्या मध्येच स्थलांतर झाले असेल तर प्रवेशाची वेगळी पद्धत लागू होते. तिचीही माहिती काउंटीकडेच मिळते. निकाल मान्य नसल्यास स्वतंत्र मंडळापुढे अपील करता येते. मात्र लहान मुलांच्या वर्गात तीसहून अधिक मुले असू नयेत असा कायदा असल्यामुळे त्या वयोगटातील अपिले क्वचितच यशस्वी होतात. सर्वांत जवळची योग्य शाळा आठ वर्षांखालील मुलासाठी दोन मैलांहून आणि त्यापुढील वयासाठी तीन मैलांहून दूर असेल, तर मोफत वाहतुकीचा हक्क मिळतो.

चौथी पायरी: दाखले आणि नोंदी

येथे कलेक्टर कचेरी किंवा तहसीलदार यांच्या जागी बसेल असे कोणतेही कार्यालय नाही. काउंटीत राजाचा प्रतिनिधी म्हणून लॉर्ड लेफ्टनंट असतात, पण त्यांचे काम समारंभापुरते आहे. कौन्सिलचे प्रशासन तिनेच नेमलेल्या मुख्य अधिकाऱ्याकडे असते. रहिवासी दाखला नावाचा कागद कोणी देत नाही. त्याचे काम कौन्सिल टॅक्सचे बिलच करते, म्हणून ते जपून ठेवावे.

जन्म आणि मृत्यूची नोंद काउंटीच्या नोंदणी कार्यालयात होते. जन्माची नोंद ४२ दिवसांत, मृत्यूची सामान्यतः पाच दिवसांत करावी लागते. नोंद जन्मस्थळावरून ठरते: वॉटफर्ड किंवा स्टीव्हनेजच्या रुग्णालयात जन्म झाला तर हर्टफर्डशायरकडे, ल्यूटनच्या रुग्णालयात झाला तर ल्यूटनकडे. बाळाच्या भारतीय पासपोर्टसाठी आईवडिलांची नावे असलेला पूर्ण दाखला लागतो, तेव्हा नोंदणीच्या वेळीच त्याच्या जादा प्रती घ्याव्यात. पुढे कधी ब्रिटिश नागरिकत्व घेतल्यास त्याचा शपथविधीही काउंटीच आयोजित करते.

पाचवी पायरी: रोजची कामे

घरून कचरा उचलणे, रस्ता झाडणे, भाड्याच्या घरांवरील देखरेख, उपाहारगृहांची स्वच्छता आणि घराच्या वाढीव बांधकामाची परवानगी ही डिस्ट्रिक्टची कामे. खड्डे, पदपथ, पथदिवे, ग्रंथालये, बसला दिले जाणारे अनुदान, ज्येष्ठांचा बसपास, अपंगांसाठीचा ब्लू बॅज हा पार्किंगचा परवाना आणि अग्निशमन दल ही काउंटीची. जुने सामान टाकण्याचे केंद्र काउंटीचे असते, कारण गोळा करणे डिस्ट्रिक्टचे आणि विल्हेवाट लावणे काउंटीचे, अशी कायद्याची वाटणी आहे. एम १ आणि एम २५ सारखे महामार्ग मात्र राष्ट्रीय यंत्रणेकडे आहेत. घरासमोरच्या बागेत गाडी उभी करायची असेल तर पदपथाची कड उतरवून घेण्यास काउंटीची परवानगी लागते आणि आतील फरसबंदीसाठी काही वेळा डिस्ट्रिक्टची. एकीची मिळाली म्हणून दुसरीची गृहीत धरू नये.

ग्रंथालयाचे सदस्यत्व विनामूल्य आहे आणि ते पहिल्या आठवड्यातच घ्यावे, असे मी प्रत्येक नव्या कुटुंबाला सुचवीन.

जे काम बहुतेकांना दिसत नाही, त्यावरच काउंटीचा सर्वाधिक खर्च होतो: वृद्ध, अपंग आणि संकटात सापडलेली मुले यांची सामाजिक देखभाल. घरातील वृद्ध व्यक्तीला अंघोळ, जेवण किंवा चालणे जमेनासे झाले तर २०१४ च्या कायद्यानुसार तिच्या गरजांची पाहणी करून घेण्याची मागणी काउंटीकडे करता येते. काळजी घेणाऱ्या नातेवाइकाच्या गरजांचीही वेगळी पाहणी होते. आपल्या समाजात ही मागणी करणे कमीपणाचे मानले जाते आणि सून किंवा मुलगी सर्व भार एकटी वाहते. या मागणीत संकोच वाटण्यासारखे काहीच नाही.

सहावी पायरी: मतदान, कौन्सिलर आणि तक्रार

वैध व्हिसावर राहणारा भारतीय नागरिक हा राष्ट्रकुलाचा नागरिक असल्यामुळे त्याला येथील सर्व निवडणुकांत मतदानाचा हक्क आहे. ही गोष्ट अनेक वर्षे येथे राहिलेल्यांनाही ठाऊक नसते. मतदार नोंदणी डिस्ट्रिक्ट कौन्सिल करते आणि मतदानाच्या वेळी ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्ट चालतो. काउंटी कौन्सिलवर ७८ कौन्सिलर चार वर्षांसाठी निवडले जातात. मे २०२५ च्या निवडणुकीत दीर्घकाळ सत्तेवर असलेल्या कॉन्झर्वेटिव्ह पक्षाचे बहुमत गेले आणि लिबरल डेमोक्रॅट हा सर्वांत मोठा पक्ष ठरला. कौन्सिलर म्हणून उभे राहायचे असेल तर मात्र भारतीय नागरिकाकडे कायम वास्तव्याचा परवाना असावा लागतो.

काम अडले तर प्रथम संबंधित विभागाकडे लेखी तक्रार करून तिचा क्रमांक घ्यावा, नंतर आपल्या विभागाच्या कौन्सिलरला ईमेल करावा. कौन्सिलरला लिहिलेला मजकूर दोन परिच्छेदांत मावेल असा असावा आणि त्यात पूर्ण पत्ता व तक्रारीचा क्रमांक द्यावा. कौन्सिलच्या तक्रार प्रक्रियेचे सर्व टप्पे संपल्यावरही समाधान झाले नाही तर स्थानिक शासन लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते, परंतु सामान्यतः बारा महिन्यांच्या आत. हर्टफर्डच्या काउंटी हॉलमधील बैठका नागरिकांना खुल्या असतात. १९३९ साली पूर्ण झालेली ती इमारत पाहण्यासाठी तरी एकदा जावे.

शेवटची पायरी: येऊ घातलेला बदल लक्षात ठेवावा

डिसेंबर २०२४ च्या श्वेतपत्रिकेत शासनाने इंग्लंडमधील द्विस्तरीय व्यवस्था संपवण्याचे धोरण जाहीर केले. हर्टफर्डशायरसाठी दोन, तीन किंवा चार एकस्तरीय कौन्सिलांचे पर्याय पुढे आले आणि नव्या कौन्सिलांचा कारभार सुरू करण्यासाठी एप्रिल २०२८ हे उद्दिष्ट ठरले. तसे झाले की काउंटी कौन्सिल आणि दहाही डिस्ट्रिक्ट कौन्सिली विसर्जित होतील. तोपर्यंत प्रत्येक अर्ज आजच्याच वाटणीप्रमाणे करायचा आहे. बदलाच्या सुमारास शाळेचा अर्ज, देखभालीची पाहणी किंवा एखादी तक्रार प्रलंबित असेल, तर तिचा संदर्भ क्रमांक आणि सर्व पत्रव्यवहाराची प्रत स्वतःजवळ ठेवावी, आणि बँकेतून परस्पर जाणाऱ्या कौन्सिल टॅक्सच्या हप्त्यांबाबत नव्या कौन्सिलचे पत्र आल्याशिवाय काहीही रद्द करू नये.